देवापुढे ठेवलेली टोपी

शुक्र. १० जानेवारी २०२५, दु. ३.४०

कुडाळ, दुकान. बांद्याच्या स्पर्धेचा फ्लेक्स छपाईआधी तपासत होतो. आठ संघ, प्रत्येकाचे खेळाडू फोटोसकट. 'पारितोषिक' चुकलं होतं, सुधारलं. 'क्षेत्ररक्षक' बरोबर. पाचव्या संघात दुसऱ्या ओळीला नंदू.

मोठं करून पाहिलं. नंदूच. पूर्ण नाव, खाली 'डावखुरा वेगवान'. फोटो आमच्या सड्यावरचा, वाडीवरच्या कातळाच्या माळावर आम्ही खेळतो तिथला, मागे काजूचं झाड दिसतं. डोक्यावरची आमच्या मंडळाची निळी टोपी डिझाइनच्या मुलीने पिवळी केली आहे. कानाजवळ थोडा निळा राहिला होता. मी तिला म्हटलं, तेवढं पण साफ कर. का सांगितलं, कळत नाही. सवय.

तो संघ इन्सुलीच्या एका हॉटेलवाल्याचा. गेल्या रविवारी नंदू आमच्या वाडीच्या मंडळात खेळला, माझ्या पडवीत चहा प्यायला, याबद्दल एक शब्द नाही.

फ्लेक्स संध्याकाळी जाईल. सोमवारी हायवेवर लागणार.


शनि. ११ जाने.

नंदूला पुलावर गाठला. बागेतून येत होता, पाठीवर फवारणीचा पंप, अंगाला औषधाचा वास.

"सांगणार हुतंय तुका."

"कधी? फायनल झाल्यार?"

"दिगू, तो पगार देता. हॉटेलात काम, बाराय म्हयने. माका जल्मभर आंब्यांक औषध मारूचा नाय. खोकलो बग माजो."

"आनी मंडळ?"

"मंडळ माका जेवक घालता?" मग जरा हसला. "तुजा बरा आसा. तू नुसतो लिवतंस. माजो हात आसा तवसर आसा."

खरं आहे. मी स्कोअर लिहितो, पंच कमी असेल तर पंच. दहावीनंतर शाळा सुटली, बॅट तर कधी धरलीच नाही धड. पण टोपी मला पण आहे.

जाताना म्हणाला, "माजी टोपी तुज्या पडवीत ऱ्हवली. ठेव. धू नको हां तिका."


शनि. ११, संध्याकाळी

दोन्ही टोप्या खुंटीवर शेजारी शेजारी. वाडीने पहिला चषक आणला त्या वर्षी मुंबईकरांनी दिल्या होत्या. मोजक्याच. ज्याची हरवली त्याची हरवली, नवी मिळत नाही. माझी आधी सतीशची होती, तो गोव्याला कामाला गेला तेव्हा माझ्याकडे आली. गडद निळ्या होत्या म्हणतात. आता वरून राखेसारख्या. कडेने घामाचं मीठ, पांढऱ्या रेघा, भरतीची ओल वाळूवर राहते तशा. अक्षरं कधीच गेली. पुढचा पुठ्ठा मोडून मोडून माणसाच्या कपाळासारखा झालाय. घातली की मी दुकानातला दिगंबर राहत नाही. उन्हात सड्यावर उभा राहिलो तर लांबून कोणाला कळत नाही मी की नंदू की आणखी कोण. आमचा कोणीतरी, एवढं कळतं. मला ते फार आवडतं. कोणाला सांगितलेलं नाही.

आई म्हणते, "एकदा उकळत्या पाण्यात घाल तेंका. नायतर आपसूक चलत जातली."


रवि. १२ जाने.

सड्यावर सगळे आले. नंदू नाही. फ्लेक्सची वाट बघावी लागलीच नाही, हॉटेलवाल्याने स्टेटसला फोटो टाकला होता.

कॅप्टन प्रकाशदादा ओरडतो तेव्हा काही होत नाही. ओरडतो, शिव्या घालतो, मग स्वतःच्या पैशाने वडापाव आणतो. आज हळू बोलला. सगळ्यांना काजूखाली बसवलं.

"कोणी नंदूक हात लावूचो नाय. फोन करूचो नाय. तातू गावकारांकडे जातलंव. देवाक सांगतलंव."

कोणी हसलं नाही.

गाऱ्हाणं आमच्याकडे कशालाही घालतात, देवळाचे मानकरी तातू सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतात. नवी गाडी, परीक्षा, म्हैस आटली. पण असलं गाऱ्हाणं मी एकदाच पाहिलंय, लहान असताना, पोफळीच्या बागेच्या भांडणात. त्यात माणसाचं नाव घेत नाहीत. त्याच्या अंगावरची वस्तू देवापुढच्या दगडावर ठेवतात. ज्याची वस्तू त्याने येऊन, चूक कबूल करून उचलली की गाऱ्हाणं सुटलं. नाही उचलली तर देव बघून घेतो. तेव्हा पंचा ठेवला होता. पंचेवाला त्याच वर्षी माडावरून पडला, अजून आडवाच आहे. आई म्हणते, माड ओला होता.

उठताना प्र.दा. माझ्या खांद्यावर हात ठेवून: "नंदूची टोपी तुज्या पडवीत आसा मां? गुरुवारी देवळात घेवन ये."

त्याला कसं कळलं?


मंगळ. १४ जाने.

संक्रांत. तिळगूळ घेऊन नंदूकडे गेलो नाही. पहिलं वर्ष.

दुकानात पंचाहत्तरीचा फ्लेक्स आला, त्यात 'अमृतमहोत्सव' नीट होतं तरी मी चारदा बघितलं. डोक्यात एकच. नंदूचा डावा हात. त्याच्याकडे दुसरं काही नाही. घर भावाच्या नावावर, शिक्षण माझ्याएवढंच. हात गेला तर पंप पण उचलता येणार नाही.


बुध. १५ जाने.

ठरवलं. इथेच लिहितो, दुसरीकडे बोलणार नाही.

बाहेरून दोन्ही टोप्या एकच. आतल्या घामाच्या पट्टीला माझ्या टोपीत आईने काळा दोरा घातलाय, नंदूच्या टोपीत नाही. आत कोण बघतो?

माझी देणार. मी मंडळाशी कधी खोटेपणा केलेला नाही. देव बघेल, म्हणेल ह्याचं काही नाही, सोडून देईल. नंदू वाचला, मी पण वाचलो. दोनदा तपासून बघितलं, यात चूक सापडत नाही.


गुरु. १६ जाने.

झालं.

देवळात आम्ही सगळे. तातूंनी सोवळं नेसलेलं, नारळ पुढे, दगडावर माझी टोपी. प्र.दा.ने माझ्या हातातून घेतली, उलटी न करताच ठेवली. तातूंचा आवाज म्हातारा आहे पण गाऱ्हाण्याला वेगळाच लागतो.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या पोरांनी तुज्या पायांकडे वस्तू ठेवल्यानी..."

"होय म्हाराजा!"

"ज्या कोणाची ही वस्तू आसात, तेणां जर आपल्या माणसांक फसवल्यान आसात..."

"होय म्हाराजा!"

"तर तेचा तेका दाखव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मी पण म्हटलं. मोठ्याने म्हटलं, कोणाला शंका नको म्हणून.

घरी येताना पाणंदीत थांबलो. 'आपल्या माणसांना फसवलं असेल तर.' नंदूने फसवलं की नाही ते देव जाणे, पण मी तर आत्ता, त्याच देवळात, सगळ्यांच्या देखत फसवलं. टोपी माझी. फसवणारा मी. गाऱ्हाणं बरोबर पत्त्यावर गेलंय.

जेवलो नाही. आईला पोट दुखतं सांगितलं. दुसरं खोटं.


रवि. १९ जाने.

सरावाला नंदूची टोपी घालून गेलो, नाहीतर विचारलं असतं तुझी कुठे. नंदूचं डोकं मोठं, सारखी भुवयांवर उतरते. त्याच्या फवारणीचा वास आहे तिला. दोन वेळा धाव लिहायची राहिली. पोरं म्हणाली, दिगू झोपलो.

प्र.दा. लांबून बघत होता. की मलाच तसं वाटलं.


बुध. २२ जाने.

फ्लेक्सला रिंगा ठोकताना हातोडी डाव्या अंगठ्यावर. टाके पडले. शेठ म्हणाले, एवढ्या वर्षांत तुझा हात कधी चुकला नाही रे.

डावा हात.

आईने विचारलं काय झालं. म्हटलं, हातोडी. "हातोडी आपसूक पडता?" म्हणाली आणि मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली. मिरचीचा ठसका आला नाही. म्हणजे काहीतरी लागलंय.


रवि. २६ जाने.

नंदूचा पहिला सामना. यूट्यूबवर होता. प्र.दा.च्या अंगणात एका मोबाइलभोवती सगळे. आपण कधी आपल्या माणसाची बॉलिंग अशी बघितलेली नाही. तो धावत निघाला की सगळे गप्प. पाय घसरेल, खांदा निखळेल, काहीतरी. बॉल पडला की श्वास सोडायचे. तो नुसता बॉल टाकत होता. काय टाकत होता! चार विकेट. तिसऱ्या विकेटला माझ्या तोंडून "वा" निघून गेलं. कोणी वर बघितलं नाही, प्र.दा.ने बघितलं.

पिवळी टोपी त्याला शोभत नाही. नवी आहे, पुठ्ठा ताठ. टोपी पुरस्कारात मिळाल्यासारखी वाटते, डोक्यावर असल्यासारखी नाही.

सामना संपला. एकजण म्हणाला, "देवाक येळ लागता रे."

प्र.दा. हळू: "देवाकडे येळ आसा. आमच्याकडे नाय. दोन तारखेक फायनल. सगळ्यांनी येवचा, बघूक."

सगळ्यांनी माना हलवल्या. बघायला जाण्यात काय आहे? पण कोणी कुठली गाडी, किती वाजता, असं विचारलं नाही. एरवी त्याच्यावर तासभर भांडतात.


बुध. २९ जाने.

किट टेम्पोत भरायचं काम माझं. संध्याकाळी प्र.दा.कडे गेलो. बॅटी, बॉल, ग्लोव्हज नेहमीप्रमाणे चढवले.

"ता सगळा उतरव."

"मगे काय न्हेवचा?"

"स्टंप."

"नुसते?"

"दोनय सेट."

उतरवलं. स्टंपांची पिशवी सीटमागे ठेवली. तो बिडी ओढत बघत होता. मी विचारलं, आपला सामना नाही ना तिथे. म्हणाला, "तू लिवण्यातलो माणूस. इतक्या उलयतंस कित्याक?"

परत येताना तेच डोक्यात. स्टंपाचं टोक लोखंडी असतं.

आता कळतं, तेव्हा न सापडलेली चूक कुठे होती. मी देवाचा हिशेब केला, प्र.दा.चा केलाच नाही. नंदूची टोपी दगडावर असती तर पोरं देवावर सोडून बसली असती, वर्षभर बसली असती, नंदू शिंकला तरी म्हणाली असती बघ लागलं. आणि देवाने खरंच काही केलं असतं की नाही, माहीत नाही. मी मध्ये हात घातला म्हणून काही झालं नाही, आणि काही झालं नाही म्हणून हे स्टंप.

नंदूची टोपी आता नेऊन ठेवू का? मग त्याच्यावर खरंच येईल. नाही ठेवली तर रविवार.


शुक्र. ३१ जाने.

नंदूचा संघ फायनलला पोचला. त्याला दोन दिवस फोन करतोय. बंद, नाहीतर उचलत नाही. मेसेज केला: 'रविवारी सामना झाल्यावर एकटा थांबू नको.' एक टिक.

पोलिसांत जाऊन काय सांगणार? आमच्या टेम्पोत स्टंप आहेत म्हणून?

तातूंकडे गेलो. झावळ्या विणत बसले होते. उभ्यानेच सांगितलं सगळं. काळा दोरा पण सांगितला. हातातली झावळ तशीच राहिली. मला वाटलं ओरडतील. घाबरले.

"मेल्या, देवाक फसवलंस? आनी माज्या तोंडान?"

मी त्यांच्या पायांना हात लावला.

"माजी जीब वापरलंस रे तू." मग झावळ खाली ठेवली. "उचल ती. तुजी आसा, तूच उचल."

"आता जाऊन उचलू?"

"आता नाय. ज्यांच्यादेखत ठेवलंस तेंच्यादेखत. तशी पद्धत आसा. उद्या तिनीसांजेक बलय सगळ्यांक."

म्हटलं, तातू, तुम्ही प्रकाशदादाला दोन शब्द सांगा ना, तुमचं ऐकेल. परत झावळ विणायला लागले. "देवाच्या आतला माका कळता. देवळाभायरला माका नाय कळणा."


शनि. १ फेब्रुवारी

देऊळ. सगळे आले. त्यांना वाटलं मी नंदूचा निरोप आणलाय.

दगडावरून टोपी उचलली, उलटी करून दोरा दाखवला. म्हटलं, ही माझी. नंदूची माझ्या डोक्यावर आहे. मी तुम्हाला फसवलं. चुकलो. पाठ करून गेलो होतो, तरी शेवटचं अडखळलं.

तातूंनी पाणी सोडलं, म्हणाले, सुटला. आणि लगेच निघून गेले, काठी विसरून.

कोणीतरी आईवरून शिवी दिली. एकाने माझ्या डोक्यावरची नंदूची टोपी काढून फेकली. मी उचलून पिशवीत घातली. प्र.दा. तेवढा शांत. जवळ आला.

"म्हणजे नंदूवर देवाचा कायच नाय?"

"नाय."

"गेलो पंधरवडो फुकटच वाट बघलंव."

"दादा, तेका सोड. नोकरीसाठी गेलो तो. आपल्याक वाईट करूक नाय."

"आपल्याक?" त्याने माझ्या हातातली माझी टोपी घेतली, माझ्या डोक्यावर ठेवली, पुढचं टोक हाताने सरळ केलं. लग्नात नवऱ्याची करतात तशी. "देवाचा नाय तर मगे तो आमचोच. बरा झाला सांगलंस." आणि निघताना: "उद्या आठाक टेम्पो. तू पुढच्या सीटार माज्या बाजूक. नंदू तुज्या हाकेक थांबता."

हे सांगून मी काय मिळवलं? गाऱ्हाणं माझ्यावरून उतरलं. अंगठा दुखायचा थांबलाय, खरंच थांबलाय, त्याची लाज वाटते.

आईला सांगितलं सगळं. तिने डबा भरून ठेवलाय, सकाळच्या पहिल्या एसटीसाठी; टेम्पोआधी बांद्याला पोचायचं.


रवि. २ फेब्रुवारी. कुडाळ, एसटी स्टँड

पहिल्या गाडीने आलो. बांद्याची गाडी लागायची आहे. चौकशीवाला म्हणतो, येईल.

नंदूचा फोन लागला! इथे चहा पिताना. खूश होता.

"अरे प्रकाशदादाचो फोन इल्लो काल राती. म्हणता, झाला गेला जाव दे. सगळी आपली पोरां येतत बघूक. सामनो झाल्यार जेवूक बलयल्यान माका, मळ्यातल्या रस्त्याक खंयतरी. मटण करतत म्हणे. तू येतंस मां?"

म्हटलं, जाऊ नको. म्हटलं, टेम्पोत फक्त स्टंप आहेत, मी स्वतः भरलेत. म्हटलं, सामना झाला की हॉटेलवाल्याच्या गाडीतून थेट इन्सुली गाठ.

"तू पयल्यापासून भित्रो रे दिगू. आपली पोरां ती! माज्या लग्नात नाचली ती."

म्हटलं, नंदू, तुझ्या टोपीच्या जागी मी... मागे भोंगा सुरू झाला, कोणीतरी त्याचं नाव पुकारत होतं, पिवळ्या संघाचं. "मैदानात ये, मगे उलवया," म्हणाला. बंद. परत लागत नाही.

आठ वाजून गेले. टेम्पो वाडीतून निघाला असेल. पुढची सीट रिकामी बघून काय म्हणाला असेल? आईला काही विचारलं नसेल ना?

८.५०. हायवेच्या बाजूला उभा होतो. टेम्पो गेला. मागच्या फळीवर सगळे दाटीने, सगळ्यांच्या डोक्यावर निळ्या टोप्या, उन्हात राखेसारख्या. लांबून मला एकही तोंड ओळखता आलं नाही. सगळे आपले, एवढंच कळलं. मी हात वर केला. का केला? एकाने पण हात वर केला. टेम्पो थांबला नाही.

बांद्याची गाडी अजून लागलेली नाही. रिक्षावाला आठशे सांगतो. एवढे नाहीत. सहाशे म्हटलं, नाही म्हणतो. मी परत विचारतो. आधी हिशेब, किती आहेत ते नीट कळायला हवं.

खर्च: एसटी ३५. चहा १५. नंदूच्या फोनला रिचार्ज (काल) १९९. नारळ (देवळात, काल) ४०.
शिल्लक: ६४०.
देणे: शेठ, उचल ५००. अंगठ्याचे डॉक्टर १५०. तातू काही घेत नाहीत. रिक्षावाला, तयार झाला तर, वरचे १६०.
प्रकाशदादा: आकडा माहीत नाही.